नवख्या नजरा: एका कोर्टरूम फॅनगेमचा प्रकरण अभ्यास

## पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या माणसांची नावं दिलेली नाहीत आणि गेममधली केस ओळखू येऊ नये एवढी बदलली आहे. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र घडले तसेच आहेत.

कोर्टरूम गेमच्या चाहत्यांचं बोलणं बहुतेक वेळा एकाच मालिकेपाशी येऊन थांबतं. १२ ऑक्टोबर २००१ रोजी जपानमध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरायच्या खेळयंत्रावर कॅपकॉम कंपनीचा 'ग्याकुतेन साइबान' आला. लेखन आणि दिग्दर्शन शू ताकुमी यांचं. जपानबाहेर ही मालिका 'एस अटर्नी' म्हणून ओळखली जाते. खेळाडू बचाव पक्षाचा वकील असतो. साक्षीदार चार-पाच विधानांची साक्ष देतो. त्यातल्या कुठल्याही विधानावर त्याला खोदून विचारता येतं, नाहीतर ते खोटं पाडणारा पुरावा समोर ठेवता येतो. पुरावा बरोबर पडला की 'ऑब्जेक्शन!' आणि साक्षीदाराला घाम फुटतो. चुकला की दंड. पहिल्या गेममध्ये पाच उद्गारचिन्हं असायची आणि प्रत्येक चुकीला त्यातलं एक जायचं.

चाहत्यांना स्वतःची केस लिहावीशी, म्हणजे फॅनगेम करावासा वाटतो, कारण हा खेळ शब्दांवर चालतो. मोजकी पार्श्वचित्रं, समोर उभी पात्रं, खाली संवाद. ज्याला लिहिता येतं त्याला वाटतं, हे मला जमेल. आणि लिहिण्यापुरतं जमतंही. साधनंही फुकट मिळतात. 'एस अटर्नी ऑनलाइन'मध्ये ब्राउझरमध्येच केस बांधता येते आणि खेळणाऱ्याला नुसती लिंक पाठवून चालतं. 'पायराइट' हे याच प्रकारच्या गेमसाठी चाहत्यांनी घडवलेलं इंजिन, म्हणजे गेम बांधायचं सॉफ्टवेअर. आणि 'रेनपाय' हे २००४ पासून चालत आलेलं दृश्य-कादंबऱ्यांचं (चित्रं आणि संवादांतून गोष्ट सांगणाऱ्या गेमचं) इंजिन; त्यात उलटतपासणीचा सगळा सांगाडा स्वतः उभा करावा लागतो, पण हात मोकळे राहतात.

ज्या व्यक्तीभोवती हे प्रकरण फिरतं तिला इथे लेखिका म्हणतो. तिने रेनपाय निवडलं होतं. दोन दिवसांचा खटला, ११ पात्रं, बंद पडत चाललेल्या एका नाट्यगृहातला खून. स्क्रिप्ट तपासणारं रेनपायचं लिंट चालवलं की शेवटी शब्दसंख्या येते. तिथे साठ हजारांच्या वरचा आकडा दिसत होता. हे सगळं तिने एकटीने लिहिलं होतं. मी टेस्टिंग, म्हणजे गेम इतरांना खेळायला देऊन त्यातल्या चुका शोधणं, सांभाळायला आलो तेव्हा साथीदार शोधण्याचा तिचा पहिला प्रयत्न वाया गेलेला होता. तो भाग मी तिच्याकडून ऐकला आणि जुन्या संदेशांतून वाचला.

## अडचण

तिची पहिली हाक अशी होती: चित्रकार, संगीतकार, प्रोग्रामर आणि टेस्टर हवेत. त्याखाली चार परिच्छेदांत कथानक. खून कोणी केला, कसा केला, आणि दुसऱ्या दिवशी खटला कुठे उलटतो, सगळं. गोष्ट चांगली आहे हे कळलं तर माणसं येतील, असा तिचा विचार. गोष्ट खरंच चांगली होती. पण ज्याने तो सारांश वाचला त्याचा टेस्टर म्हणून उपयोग तिथेच संपला. सुटलेलं कोडं त्याच माणसासाठी पुन्हा न सुटलेलं करता येत नाही.

मला या प्रकरणाचं मर्म इथेच दिसतं. फॅनगेमसाठी दोन प्रकारची माणसं लागतात. साथीदाराला सगळं सांगावं लागतं: चित्रकाराला खुनी कोसळतानाचा चेहरा काढायचा असतो, संगीतकाराला कुठल्या वाक्यावर पार्श्वसंगीत तुटणार ते माहीत हवं असतं. टेस्टरला मात्र काहीच सांगायचं नसतं. आणि दोघंही त्याच छोट्याशा चाहत्यांच्या वर्तुळातून यायचे असतात. एकाला बोलावण्यासाठी लिहिलेला मजकूर दुसऱ्याला निकामी करतो, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येतं तोवर पहिली हाक देऊन झालेली असते.

नऊ जणांनी उत्साहाने होकार कळवला. महिनाभराने एकच उरला, एक चित्रकार. त्याने ११ही पात्रं काढायचं कबूल केलं. इथे दोघांनीही आकडेमोड केली नव्हती. या प्रकारच्या गेममध्ये एका पात्राचं एक चित्र पुरत नाही. साधा, विचारात पडलेला, चिडलेला, दचकलेला, घामाघूम झालेला आणि शेवटी कोसळलेला असे निदान सहा भाव धरा. म्हणजे ६६ चित्रं. प्रत्येकात बोलणाऱ्या तोंडाच्या आणि मिटणाऱ्या डोळ्यांच्या वेगळ्या चौकटी. नोकरी किंवा अभ्यास सांभाळून, हौसेने काम करणाऱ्या माणसाला हे कित्येक महिने पुरेल. त्याने एका पात्राचे तीन भाव पाठवले, ते सुंदर होते, आणि मग तो गप्प झाला.

दहा आठवडे लेखिका थांबली. त्या काळात तिने तीनदा विचारलं, "कसं चाललंय?" तिच्या मनात तगादा नव्हता, काळजी होती. पण काम मागे पडलेल्या माणसाला प्रत्येक चौकशी नव्याने ओशाळं करते आणि उत्तर द्यायचं आणखी अवघड होऊन बसतं.

## समोरचे पर्याय

मी आलो तेव्हा आम्ही चार वाटा मांडल्या.

पहिली, थांबायचं. चित्रकार परत येईल किंवा दुसरा मिळेल तोवर स्क्रिप्ट घासत बसायचं. लेखिकेचा कल इकडे होता आणि मला तोच सर्वांत धोक्याचा वाटत होता. न तपासलेली स्क्रिप्ट जितकी घासाल तितकी लिहिणाऱ्याला ती स्वच्छ दिसते, कारण प्रत्येक विसंगतीचं उत्तर त्याला पाठ असतं.

दुसरी, मूळ मालिकेतली चित्रं आणि संगीत वापरायचं. पुष्कळ फॅनगेम असेच होतात. पण कॉपीराइट कल्पनेला नसतो, तिच्या प्रत्यक्ष मांडणीला असतो. उलटतपासणीची पद्धत वापरणं वेगळं आणि कंपनीची पात्रं, चित्रं, संगीत उचलणं वेगळं. गेम फुकट दिला म्हणून तो फरक मिटत नाही. लेखिकेची पात्रं सगळी तिची स्वतःची होती, त्यामुळे हा पर्याय तिने लगेच बाजूला ठेवला.

तिसरी, पैसे देऊन चित्रं काढून घ्यायची. ६६ चित्रांचा खर्च तिच्या आवाक्याबाहेर होता. यावर जास्त बोलणं झालं नाही.

चौथी, चित्रांशिवाय पुढे जायचं. पात्रांच्या जागी एकरंगी छाया, पार्श्वभूमीला सपाट रंग, आणि आधी फक्त तर्क तपासायचा. लेखिकेला हे बोचलं. "छायांकडे बघून कोणाला काय वाटणार? साक्षीदाराचा चेहरा पडतो तेव्हाच तर मजा येते." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी एवढंच म्हणालो की विसंगती छायांमध्ये पटली तर चेहऱ्यांमध्ये नक्की पटेल, पण उलट्याची खात्री मी देऊ शकत नाही. दोन दिवसांनी तिने होकार दिला.

एक प्रश्न तरीही उरला. छायांचा का होईना, पण मुख्य गेमचा तुकडा दाखवून साथीदार शोधले तर ज्यांना तो दाखवू ते टेस्टर म्हणून वाया जाणार. आम्ही पुन्हा होतो तिथेच येणार होतो.

यातून वाट लेखिकेनेच काढली, आणि संपूर्ण प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय मी याला म्हणेन. तिने मुख्य कथानकाशी काडीचाही संबंध नसलेली एक चिमुकली केस लिहिली. तोच वकील, तीच न्यायाधीश, पण खटला तिकीटपेटीच्या चोरीचा. एक साक्षीदार, पाच विधानं, चार पुरावे, पंधरा मिनिटांचा खेळ. ही केस कोणालाही दाखवता येत होती, कारण तिच्यात फोडण्यासारखं काहीच नव्हतं.

## काय केलं

नवी हाक छोटी होती. "ही पंधरा मिनिटांची केस खेळा. याच पद्धतीची मोठी केस तयार आहे. ती तुम्हाला घडवायला आवडेल की खेळायला? दोन्ही जमणार नाही, कारण घडवणाऱ्याला खुनी माहीत असतो." कथानकाचं अवाक्षर नाही. ताकाला जाऊन भांडंही लपवलं नव्हतं. काय हवं, किती हवं, कधीपर्यंत हवं, सगळं उघड होतं.

घडवण्याची बाजू निवडणाऱ्यांना एकदम मोठं काम द्यायचं नाही असं ठरवलं होतं. संगीतकार कसा मिळाला ते सांगण्यासारखं आहे. चिमुकली केस खेळून एकाने आपणहून लिहिलं होतं: साक्षीदार चौथं विधान बदलतो तिथे संगीत एका क्षणाने उशिरा थांबतं, वाक्य सुरू व्हायच्या आधी थांबलं पाहिजे. हे ज्याला ऐकू आलं त्याला विचारायलाच हवं होतं. लेखिकेने त्याच्याकडे सबंध संगीत मागितलं नाही. चाळीस सेकंदांची, टोकाला टोक जुळणारी एकच धून, तीन आठवड्यांत, आणि "नाही जमलं तर एक ओळ कळवा, कारण विचारणार नाही." धून दोन आठवड्यांत आली. मग दुसरी मागितली.

जुन्या चित्रकारालाही तिने पुन्हा लिहिलं, या वेळी चौकशी न करता. "तुम्ही काढलेलं पात्र आम्हाला फार आवडतं. ते तुमच्या श्रेयासह वापरायला तुमची परवानगी आहे का? पुढचं काम तुमच्याकडे बाकी आहे असं आम्ही धरलेलं नाही." आठवड्याभरात उत्तर आलं, लांबलचक आणि मोकळं. त्याने परवानगी दिली, मूळ फाइली दिल्या, आणि आपल्या ओळखीतल्या एका चित्रकर्तीचं नाव सुचवलं. तिने पुढे बाकीची पात्रं केली, पण सहाऐवजी चारच भाव ठरवून. सुरू करण्याआधी एक पानभर लिखित समजूत झाली: चित्रांची मालकी काढणाऱ्याची, गेम अर्धवट राहिला तर चित्रं इतरत्र वापरायला ती मोकळी, ती मध्येच थांबली तर तोवरची चित्रं गेममध्ये राहतील. हे पान पहिल्या वेळी असतं तर ते दहा आठवडे वाचले असते.

खेळण्याची बाजू निवडणारे १६ जण होते. इथे माझं काम सुरू झालं. संकेतस्थळं वापरायला किती सोपी आहेत याचा अभ्यास करणारे याकोब निल्सन यांनी २००० साली मांडलेला एक हिशोब अनेकांना ठाऊक असतो: पाच जणांना वापरून पाहायला दिलं की साधारण ८५ टक्के अडचणी सापडतात, म्हणून पंधरा जण हाताशी असतील तर एका दमात न वापरता पाच-पाचच्या तीन खेपा करा आणि मधे दुरुस्त्या करा. तो हिशोब मुळात वापरसुलभतेचा आहे, कोड्यांचा नाही. पण खेपांचा सल्ला आमच्याकडे जास्तच लागू पडतो, कारण आमचा माणूस एकदाच वापरता येतो. आम्ही १६ नावांच्या खेपा केल्या: पाच, पाच, तीन, आणि शेवटचे तीन राखीव. राखीव तिघांना लेखिकेने एक शब्दही सांगायचा नाही, हे पक्कं ठरलं.

टेस्टरला "आवडलं का?" असं विचारायचं नाही, हेही ठरलं होतं. भिडेखातर माणसं हो म्हणतात. आमचे प्रश्न असे असत: तिसरं विधान ऐकताना तुला कशाचा संशय आला? दुसऱ्यांदा कुठला पुरावा उघडून बघितलास? उत्तर सापडलं तेव्हा ते आधीच मनात होतं की चाचपडत मिळालं? शिवाय गेममध्ये एक साधी नोंद बसवली होती. कोणत्या विधानावर कोणता पुरावा ठेवला आणि कधी, एवढंच एका टेक्स्ट फाइलीत उतरायचं.

या नोंदीने पहिल्याच दिवशी एक वेगळीच गोष्ट उघड केली. एका टेस्टरच्या दंडाच्या पट्टीतून जवळजवळ काहीच कमी झालेलं नव्हतं, पण फाइलीत सात चुका होत्या. रेनपायमध्ये माउसचं चाक वर फिरवलं की खेळ मागे जातो आणि त्यासोबत दंडही परत मिळतो. फाइलीत उतरलेली ओळ मात्र पुसली जात नाही. त्या बिचाऱ्याला आपण काही वावगं करतोय हे माहीतही नव्हतं, तो मागचा संवाद वाचायला जात होता. चुकीच्या पुराव्यानंतर मागे जाणं बंद केलं आणि जुने संवाद वाचायला वेगळं बटण ठळक जागी ठेवलं.

### पडदा

पहिल्या खेपेतली एक बैठक मला अजून जशीच्या तशी आठवते. टेस्टरने स्क्रीन शेअर केली होती. लेखिका ऐकत होती, पण माईक बंद ठेवून. साक्षीदार म्हणजे नाट्यगृहाचा द्वारपाल. त्याचं तिसरं विधान असं:

"सव्वानऊला मी प्रेक्षागृहाच्या दारातून आत डोकावलो. रंगमंचावरचा दिवा चालू होता आणि त्या उजेडात मला आरोपी स्पष्ट दिसला."

अपेक्षित उत्तर होतं वायरमनची नोंदवही. रंगमंचाचा फ्यूज ९.०५ला उडाला आणि ९.४०ला बदलला, मग सव्वानऊला दिवा कुठला? पुराव्यांत ९.१२ला घेतलेलं प्रेक्षागृहाचं एक छायाचित्रही होतं. ते तिथे होतं छायाचित्रकार त्या वेळी कुठे होता हे दाखवायला.

टेस्टरने विधान वाचलं, छायाचित्र उघडलं, मोठं केलं आणि आनंदाने ओरडली, "पडदा पडलेला आहे! याला रंगमंच दिसलाच कसा?" तिने छायाचित्र पुढे केलं. न्यायाधीशांनी विचारलं, "याचा इथे काय संबंध?" दंड झाला. तिने दुसऱ्या विधानावर तेच छायाचित्र ठेवून पाहिलं. दंड. पुन्हा तिसऱ्यावर. दंड. मग बराच वेळ शांतता, आणि हळू आवाजात, "मला नीट समजलंच नाहीये वाटतं."

लेखिका मला नंतर म्हणाली की ते वाक्य ऐकताना तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, माईककडे जाऊ नयेत म्हणून. टेस्टरचं काहीही चुकलं नव्हतं. पाचपैकी चौघांनी तिथे छायाचित्रच ठेवलं होतं. पडदा चित्रात का होता, तर ते कच्चं चित्र लेखिकेने स्वतः काढलं होतं आणि नेपथ्यासकट रंगमंच काढण्यापेक्षा लाल पडदा काढणं सोपं होतं.

इथे तीन मार्ग होते. चित्रातून पडदा काढून टाकायचा. अर्ध्या तासाचं काम. दोन्ही पुरावे बरोबर धरायचे. तेही सोपं, पण मग फ्यूज उडालेला कोणाच्या ध्यानीमनीही न येता प्रसंग पुढे सरकला असता, आणि फ्यूज तर पुढच्या सगळ्या खटल्याचा कणा होता. तिसरा, पडद्यालाच पहिली विसंगती करायची. द्वारपाल गडबडतो, साक्ष बदलतो, "दारातून नव्हे, मी बाजूच्या विंगेतून पाहिलं" म्हणतो, आणि त्या नव्या विधानावर फ्यूजचा घाव बसतो. मी पहिला मार्ग सुचवला, वेळ वाचेल म्हणून. लेखिकेने तिसरा धरला. "चार माणसांना ते दिसलं. ते मी पुसून टाकू?" ती बरोबर होती आणि मी चुकलो होतो. आज त्या गेमबद्दल कोणी बोललं की पहिल्यांदा पडद्याचा प्रसंग काढतं.

त्या निर्णयाची किंमत मात्र तिसऱ्या खेपेत मोजावी लागली. दुसऱ्या खेपेत पडदा आणि फ्यूज दोन्ही सुरळीत गेले आणि आम्ही निर्धास्त झालो. तिसऱ्या खेपेतल्या एकाने "विंगेतून पाहिलं" या विधानावर फ्यूजच्या आधी किल्ल्यांची नोंदवही ठेवली. विंगेचं दार कुलूपबंद होतं आणि किल्ली एकाच माणसाकडे होती. तो माणूस खुनी होता, आणि त्याचं नाव खेळाडूला दुसऱ्या दिवशी कळायला हवं होतं. जुन्या साक्षीत विंगेचा उल्लेखच नव्हता, म्हणून ती नोंदवही आतापर्यंत निरुपद्रवी पडून होती. ती मधल्या सुट्टीनंतर मिळेल अशी सोय केली. त्यासाठी चार प्रसंगांतले संवाद बदलले, आणि बदललेला भाग तपासायला राखीव तिघांपैकी एकाला वेळेआधी खर्च करावं लागलं.

## निष्पत्ती

गेम फुकट प्रकाशित झाला, पण दोन दिवसांऐवजी दीड दिवसाच्या खटल्याचा. दुसऱ्या दिवसाचा पूर्वार्ध लेखिकेने कापला, कारण दोन खेपांच्या नोंदींत तिथे एकही चुकीचा पुरावा नव्हता. ऐकायला हे चांगलं वाटतं. प्रत्यक्षात तिथे विचार करण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं, खेळाडू नुसते पुढे पुढे दाबत होते. उरलेल्या दोन राखीव टेस्टरांनी एकही इशारा न घेता केस पूर्ण केली. दोघांनीही खुनी त्याचं नाव घेतलं जाण्याच्या थोडं आधी ओळखला होता. या प्रकारच्या केसमध्ये ते अंतर एवढंच असावं.

श्रेयनामावलीत सगळे आहेत, पहिला चित्रकारही. टेस्टरांच्या नावांपुढे त्यांनी काय शोधलं तेही लिहिलं आहे: पडदा, किल्ली, माउसचं चाक. त्यातल्या दोघी पुढच्या केसमध्ये घडवणाऱ्यांच्या बाजूला यायला तयार झाल्या. संगीतकार आता स्वतःचा गेम करतो आहे. त्याने लेखिकेला टेस्टर म्हणून बोलावलं तेव्हा तिने त्याचा सारांश न वाचताच परत पाठवला.

## वेगळं काय करता आलं असतं

कच्ची चित्रं आम्ही कच्ची म्हणूनच बघत राहिलो, खेळाडूने मात्र त्यांना पुरावा म्हणून पाहिलं. पहिल्या खेपेआधी प्रत्येक चित्रात काय काय दिसतं याची यादी करून ती प्रत्येक विधानाशी ताडून पाहिली असती तर पडदा आम्हालाच सापडला असता. अकरा चित्रं आणि तीस-पस्तीस विधानं. एका संध्याकाळचं काम होतं. किल्लीचंही तेच. एक विधान बदललं की सगळे पुरावे पुन्हा त्या विधानासमोर धरून पाहायचे, हे मी दुसऱ्या खेपेआधी करायला हवं होतं. केलं नाही, आणि एक ताजा माणूस त्यात गेला.

खेपांचे आकडेही मी आज वेगळे ठेवेन. पहिली खेप पाचऐवजी तिघांची. पहिल्या दोघांतच पडदा दिसला होता. पुढच्या तिघांना त्याच भिंतीवर आपटू देण्यात काही अर्थ नव्हता. त्यांना थांबवून ठेवता आलं असतं. तेव्हा वेळापत्रक पाळायची घाई नडली.

पण मनाला सगळ्यात जास्त लागून राहिलेली गोष्ट निराळी आहे. प्रकाशनानंतर काही दिवसांनी एका दृष्टिहीन खेळाडूचं पत्र आलं. रेनपायमध्ये व्ही हे बटण दाबलं की मजकूर मोठ्याने वाचला जातो, त्यामुळे संवादांची त्याला अडचण नव्हती. पण छायाचित्रापाशी गेम मुका होता. पडद्याची विसंगती, आमचा सगळ्यात चांगला प्रसंग, त्याच्यासाठी अस्तित्वातच नव्हती. चित्रांना वर्णन जोडायची सोय इंजिनात आम्ही काम सुरू केलं तेव्हापासूनच होती. आम्ही १६ टेस्टर शोधले, पण असा एकही नाही, आणि तसा शोधावा हे सुचलंही नाही.

वर्णन लिहायला बसल्यावर कळलं की हे नुसतं भरतीचं काम नाही. "पडदा पडलेला आहे" एवढंच लिहिलं तर उत्तर फुटतं. पडद्याचा उल्लेख टाळला तर खेळाडूची फसवणूक होते. लेखिकेने पाच मसुदे केले आणि शेवटी चित्रातल्या सगळ्या वस्तूंना सारखंच वजन दिलं: "रिकामं प्रेक्षागृह. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून बारा मिनिटं. पुढच्या रांगेतली एक खुर्ची मोडलेली. पडदा पडलेला. डावीकडच्या खांबाला शिडी टेकवलेली."

त्या पत्रलेखकाला सगळं माहीत झालं होतं, म्हणून त्याच्याच ओळखीतल्या एका नव्या माणसाला केस दिली. त्यालाही दिसत नाही. त्याने वर्णन दोनदा ऐकलं, थोडा थांबला आणि पहिल्याच प्रयत्नात तिसऱ्या विधानावर छायाचित्र ठेवलं. मग त्याने विचारलं, "ती शिडी कोणी ठेवली? तिच्यावरून कोणी वर चढून आला असेल तर किल्ली लागलीच नसती ना?"

शिडी चित्रकर्तीने लेखिकेचं कच्चं चित्र पक्कं करताना रिकामा कोपरा भरायला काढली होती. ती चित्रातून आणि वर्णनातून काढली आहे, आणि बाकीच्या दहा चित्रांची वर्णनं आता लिहून होत आहेत.